बालवाचकाचे पत्र आणि लेखकाचे उत्तर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाईंनी या शाळेत आयुष्यभर मराठी शिकविले. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली त्या मुलांच्या हाती देत असत. पुस्तके फाटतील, हरवतील, अशी शंका कोणी बोलून दाखविली की, पुस्तक हरवले तरी चालेल, वाचणारा हरवता कामा नये, एवढेच त्यांचे उत्तर असे. त्यांच्या स्मृतीला शोभेल असा विषय कोणता, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. शेवटी मनाने कौल दिला तो एका साध्या गोष्टीला : मूल जेव्हा एखाद्या लेखकाला पत्र लिहिते तेव्हा नेमके काय घडते, आणि ते घडावे म्हणून शाळेने काय करावे, व काय करू नये.

प्रथम एक खरे पत्र पाहू. १९१७ साली काशीच्या एका प्राध्यापकांच्या मुलीने, राणू अधिकारी तिचे नाव, रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र पाठविले. तिला तेव्हा अकरावे वर्ष चालू होते. रवींद्रनाथ छप्पन वर्षांचे होते. नोबेल पारितोषिक मिळून चार वर्षे झाली होती आणि साऱ्या जगातून त्यांना पत्रे येत होती. या मुलीने लिहिले ते थोडक्यात असे, की तुमच्या 'गल्पगुच्छा'तील सगळ्या गोष्टी मी वाचल्या आणि त्या मला समजल्या, फक्त 'क्षुधित पाषाण' तेवढी समजली नाही. शिवाय तिची एक तक्रार होती. त्या गोष्टीतील म्हातारा एका इराणी दासीची हकीकत सांगणार होता, ती त्याने का सांगितली नाही? ती ऐकावी असे तिला फार वाटत होते, तेव्हा आपण ती लिहून पाठवावी, असा तिचा आग्रह होता.

हैदराबादकरांना या पत्राविषयी विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. 'क्षुधित पाषाण' ही १८९५ सालची कथा आपल्या शहराचे नाव घेते. तिचा निवेदक जुनागडची नोकरी सोडून हैदराबादेस निजाम सरकारच्या सेवेत शिरतो आणि बरीच नावाच्या गावी कापसाची जकात वसूल करण्याच्या कामावर नेमला जातो. तेथील ओसाड संगमरवरी महालात रात्री त्याला जे भास होतात, त्यांची ही कथा. महालाची कल्पना रवींद्रनाथांना सुचली ती अहमदाबादच्या शाहीबागेतील वास्तूवरून. तरुणपणी ते तेथे राहिले होते. कथेच्या अखेरीस करीमखान हा वृद्ध कारकून इराणी दासीची कहाणी सांगू लागतो, तेवढ्यात आगगाडी येते आणि कहाणी राहून जाते. राणूने बोट ठेवले ते नेमके या जागी. समीक्षकही याच जागी थांबतात, पण त्यांना त्यासाठी बराच अभ्यास करावा लागतो.

रवींद्रनाथांनी उत्तर दिले. त्या इराणी दासीची हकीकत जाणून घेण्याची आपल्यालाही फार इच्छा आहे, परंतु जो मनुष्य ती सांगू शकला असता त्याचा पत्ता आजवर लागलेला नाही, अशा आशयाचे ते उत्तर होते. पुढे या दोघांमध्ये अनेक वर्षे पत्रव्यवहार चालला. रवींद्रनाथांची राणूला लिहिलेली पत्रे दोनशेहून अधिक आहेत, आणि त्यांतील काहींचे 'भानुसिंहेर पत्रावली' हे पुस्तक १९३० साली झाले. परंतु आज मी पहिल्या उत्तराविषयीच बोलणार आहे.

वरवर पाहता ही थट्टा वाटते. तिच्या आत मात्र तीन गोष्टी आहेत. पहिली ही, की लेखकाने मुलीचा प्रश्न बाजूला सारला नाही. तू लहान आहेस, मोठी झालीस म्हणजे कळेल, असे तो म्हणाला नाही. दुसरी ही, की तो तिच्या शेजारी येऊन बसला. तुला जे ठाऊक नाही ते मलाही ठाऊक नाही, तुझ्याइतकीच मलाही उत्सुकता आहे, असे त्याने सांगितले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या एका वाक्यात त्याने लेखनाचे एक मर्म त्या मुलीच्या हाती ठेवले. गोष्ट जेथे थांबते तेथे लेखकही थांबतो. त्यापलीकडचे तो मुठीत लपवून बसलेला नसतो. आणि जे सांगितले गेले नाही त्याच्यामुळेच गोष्ट वाचणाऱ्याच्या मनात चालू राहते. कथालेखनावरील व्याख्यानात मी हे विद्यार्थ्यांना तासभर समजावून देत असे. रवींद्रनाथांनी ते एका ओळीत समजावले, आणि आपण काही शिकवीत आहोत असे जाणवूही दिले नाही.

मुलाने लेखकाला पत्र लिहावे ते यासाठी. 'मी लेखक कसा होऊ?' हा प्रश्न मुलाच्या मनात क्वचितच असतो. तो बहुधा आपण मोठी माणसे त्याच्या तोंडी घालतो. मुलाचा प्रश्न गोष्टीतला असतो : त्या मांजराचे पुढे काय झाले, तो मुलगा घरी परतला तेव्हा आईने मारले का, तुम्ही त्या गावी खरोखर गेला होतात का. अशा प्रश्नाला उत्तर आले की मुलाला एक शोध लागतो. पुस्तकामागे एक माणूस आहे, त्याने हे ठरविले आहे, म्हणजे ते वेगळेही ठरविता आले असते, म्हणजे मलाही ठरविता येईल. लेखनाची सुरुवात या शोधातून होते.

आपल्या मराठीत बालवाचकाशी बोलण्याची परंपरा जुनी आहे. 'बालबोधमेवा' हे मासिक १८७२ साली निघाले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' सुरू केले. परंतु लेखक आणि बालवाचक एकाच छपराखाली राहिले तर काय होते, याचे उदाहरण साने गुरुजींनी घालून दिले. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेथे ते मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढीत. आज लिहावे आणि उद्या सकाळी वाचणाऱ्यांचे चेहरे पाहावेत, असा तो व्यवहार होता. कोणत्या मजकुरापाशी मुले रेंगाळली आणि कोणता मजकूर ओलांडून पुढे गेली, हे त्या लेखकाला कोणी सांगावे लागत नसे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, तिची मांडणी आठवा. श्याम रोज रात्री आश्रमातील सोबत्यांना गोष्ट सांगतो, ऐकणारे मधे बोलतात, विचारतात. ऐकणारा समोर आहे हे गृहीत धरून ते पुस्तक लिहिले गेले. माझे असे मत आहे की त्या पुस्तकाच्या भाषेचा साधेपणा अमळनेरच्या त्या हस्तलिखित दैनिकात घडला. म्हणजे लेखकाने मुलांना घडविले हे जितके खरे, तितकेच मुलांनी लेखकाला घडविले हेही खरे.

आता मी आपल्या शहराकडे वळतो. येथील मराठी मुलाची स्थिती अमळनेरच्या मुलापेक्षा वेगळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि हैदराबादचा मराठी माणूस एका रात्रीत, घर न सोडता, परप्रांतीय झाला. तत्पूर्वीच्या पिढ्यांनी मोठ्या हिमतीने येथे मराठी राखली होती. विवेकवर्धिनीची स्थापना १९०७ ची. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले आणि ज्ञानकोशकार केतकर त्याचे अध्यक्ष होते. आजचा मुलगा मात्र इंग्रजी माध्यमात शिकतो, मित्रांशी हिंदीत अथवा तेलुगूत बोलतो, आणि मराठी त्याला घरी, आजीच्या तोंडून मिळते. ती आजीही 'हौ' म्हणते, 'उगं बस' म्हणते. त्याच्या बोलण्यात 'नक्को' येते, शेजारची अम्मम्मा येते, बोनालूची मिरवणूक येते, जानेवारीतील नुमाइश येते. तो फास्टर फेणे वाचतो तेव्हा पुणे आणि फुरसुंगी त्याला परदेशासारखी भासतात. सुलतान बाजार आणि काचीगुडा त्याला पुस्तकात भेटत नाहीत.

हा मुलगा पुण्यामुंबईच्या लेखकाला पत्र लिहावयास बसतो तेव्हा त्याच्या मनात पहिली भीती कोणती असते? 'माझी मराठी चुकेल.' आणि आपण शिक्षक ती भीती दूर करण्याऐवजी लाल पेन घेऊन त्याच्या पाठीशी उभे राहतो.

मला एक प्रसंग आठवतो. महाराष्ट्रातील एका वयोवृद्ध बालसाहित्यकारांच्या घरी मी गेलो होतो. त्यांनी एका शाळेतून आलेला पत्रांचा गठ्ठा मला दाखविला. चाळीस पत्रे होती आणि चाळिसांचा मजकूर एकच होता. 'आपले पुस्तक वाचून आम्हांस अतीव आनंद झाला. त्यातून आम्हांस सत्य, परिश्रम व देशप्रेम यांची शिकवण मिळाली.' गुरुजींनी फळ्यावर लिहिले असणार आणि मुलांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले असणार. एकाही पत्रात शुद्धलेखनाची चूक नव्हती. एका पत्राच्या तळाशी मात्र, शाईचा मजकूर संपल्यावर, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते : 'त्या कुत्र्याला नाव का नाई दिलं.' प्रश्नचिन्हही नव्हते. ते लेखक मला म्हणाले, "हे एकच पत्र मला आले आहे. बाकीची तुमच्या शिक्षकमित्राची आहेत." त्यांनी त्या मुलाला दोन पानांचे उत्तर लिहिले होते, कुत्र्याला नाव देण्याचा प्रयत्न त्यांनी तीनदा केला होता आणि तिन्ही वेळा ते नाव खोडले होते, ती सारी हकीकत त्यात होती.

येथे भाषेच्या शुद्धतेचा कैवारी विचारील, आणि त्याने विचारावेच, की मग चुका तशाच राहू द्यावयाच्या काय? मी स्वतः जन्मभर व्याकरण शिकविले आहे. त्याची थोरवी मला कोणी सांगावयास नको. परंतु प्रत्येक गोष्टीची एक जागा असते. निबंधाची वही ही तपासण्यासाठी असते. पत्र हे दुसऱ्याच्या नावाचे असते. ते तपासण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय एक साधा अनुभव लक्षात घ्या. लेखकाचे उत्तर येते तेव्हा ते मूल ते पत्र किती वेळा वाचते! उशाखाली ठेवते, मित्राला दाखविते, आजीला वाचून दाखविते. त्या पत्रातील मराठी नीटस असते, आणि ती शंभर वेळा वाचली जाते. 'नाई' या शब्दाजवळ लेखकाने लिहिलेले 'नाही' आपोआप येऊन उभे राहते. लाल शाईने जे दहा वर्षांत साधत नाही ते त्या एका पत्राने पुष्कळदा साधते, कारण तेथे मुलाला बरोबर लिहावेसे वाटू लागलेले असते.

याचा अर्थ लेखकाने मुलाचे केवळ कौतुक करावे असा नाही. 'नार्निया'च्या कथा लिहिणारे सी. एस. लुईस हे मुलांच्या पत्रांना नेमाने उत्तरे देत. १९५६ साली अमेरिकेतील एका मुलीने त्यांना आपल्या एका अद्भुत रात्रीचे वर्णन लिहून पाठविले होते. लुईस यांनी तिला कळविले, की जागा, माणसे, ती रात्र, तिची भावना हे सर्व तू छान उतरविले आहेस, परंतु मुख्य गोष्ट मात्र निसटली आहे. कोंदण आहे, रत्न नाही. आणि लगेच पुढे असेही कळविले, की यात नवल नाही, वर्डस्वर्थचेही पुष्कळदा असेच होते! नंतर त्यांनी तिला काही सूचना केल्या : अर्थ एकच निघेल असे लिही, लांबलचक शब्दापेक्षा साधा शब्द घे, वाचकाला काय वाटावे हे विशेषणांनी सांगू नकोस, ते त्याला वाटेल असे लिही. दोष दाखविला तो वर्डस्वर्थच्या पंक्तीला बसवून. मुलांना खोटी स्तुती लगेच ओळखू येते. खरे सांगितले तर ती रागावत नाहीत. आपल्याला कोणी लेखक समजून बोलले, याचा त्यांना अभिमान वाटतो.

असे नाते जोडण्याची उदाहरणे पाहण्यास आपल्याला फार दूर जावयास नको. आपल्या तेलुगू बांधवांनी ते काम या शहरातच करून दाखविले आहे. न्यायपती राघवराव आणि त्यांच्या पत्नी कामेश्वरी यांना आंध्रातील मुले 'रेडिओ अन्नय्या' आणि 'रेडिओ अक्कय्या', म्हणजे रेडिओदादा आणि रेडिओताई, या नावांनी ओळखत. त्यांनी मद्रासला आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम उभे केले, १९४५ साली 'बाल' हे मासिक काढले, आणि आंध्र प्रदेश राज्य झाल्यानंतर आपला बालानंद संघ हैदराबादेत आणला. त्यांच्या कार्यक्रमांत मुले स्वतः बोलत, गात, नाटुकली करीत. लेखक वर आणि मुले खाली अशी मांडणी तेथे नव्हती. साने गुरुजींनी आंतरभारतीचे जे स्वप्न पाहिले त्यात एका प्रांताच्या मुलांनी शेजारच्या भाषेकडून शिकावे हे अभिप्रेत होतेच. आपल्या मराठी शाळांनी या शेजाऱ्यांकडून हा धडा घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

यावरून शाळेसाठी काही सूचना नम्रपणे करतो. पत्र लिहिण्यापूर्वी मुलाने त्या लेखकाचे एक पुस्तक पूर्ण वाचलेले असावे. पाठ्यपुस्तकातील उतारा पुरेसा नाही. वर्गातील सर्वांनी लिहिलेच पाहिजे अशी सक्ती नसावी. ज्याच्या मनात प्रश्न आहे त्याने लिहावे, मग ते तिघेच का असेनात. शिक्षकांनी पाकिटावरील पत्ता तेवढा तपासावा. उत्तर आले तर ते मुलाच्या हाती प्रथम पडावे. सूचनाफलकावर लावावयाचे की नाही हे त्यालाच विचारावे. उत्तर आले नाही तर लेखक आजारी असेल, वृद्ध असेल, पत्रांच्या ढिगाऱ्यात बुडाला असेल, असे मुलाला सांगावे आणि दुसऱ्या लेखकाला लिहावयास लावावे. महाराष्ट्रात १९७१ पासून 'किशोर' मासिक निघते आहे. त्यात मुलांच्या लेखनालाही जागा असते. तेथेही आपल्या मुलांनी लिहावे.

लेखक शाळेत येणार असेल तर सत्कार, हार, प्रास्ताविक आणि परिचय यांत पाऊण तास घालवून शेवटी मुलांना पाच मिनिटे देण्याची आपली रीत आता सोडावी. पहिला प्रश्न मुलांचा असावा आणि तो आधी लिहून तपासलेला नसावा. आज तर संगणकाच्या पडद्यावरून पुण्याचा लेखक आपल्या वर्गात येऊन बसू शकतो. १९५६ नंतर जे अंतर पडले ते बोट दाबताच नाहीसे होते. या सोयीचे मी मनापासून स्वागत करतो. तरीही हाताने लिहिलेले पत्र सोडू नये, असे मला वाटते. पडद्यावर जो धीट असतो तो बोलतो. लाजरे मूल, जे वर्गात कधी हात वर करीत नाही, ते कागदावर पेन्सिलीने तळाशी एक ओळ लिहिते.

लेखकांनाही एक सांगणे आहे. महाराष्ट्राबाहेरून आलेल्या बालवाचकाच्या पत्राला कृपा करून आधी उत्तर द्या. पुण्यातील मुलाला तुम्ही एखाद्या ग्रंथप्रदर्शनात भेटाल. हैदराबादच्या मुलाजवळ मराठी लेखक म्हणून कदाचित ते एकच पत्र राहणार आहे. या शहरातील मराठी वर्ग कमी होत चालले आहेत हे आपण सारे पाहतो आहोत. ज्या मुलाला मराठी ही परीक्षेसाठी नको आहे आणि नोकरीसाठीही नको आहे, त्याने ती का लिहावी? याला मला एकच उत्तर दिसते. मराठीत आपले ऐकणारा कोणीतरी आहे, असा विश्वास त्याला वाटला पाहिजे. घोषणांनी आणि ठरावांनी तो विश्वास निर्माण होत नाही. आपल्या नावाने आलेल्या पाकिटाने तो होतो.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटचे बोलणे तुमच्याशी. तुम्ही ज्या पुस्तकावर रागावला आहात, ज्याचा शेवट तुम्हांला पटलेला नाही, ज्यात तुम्हांला काही अपुरे वाटले आहे, त्या पुस्तकाच्या लेखकाला लिहा. तुमच्या गल्लीत जसे बोलता तसे लिहा. बोनालूच्या दिवशी तुमच्या दारापुढून काय काय गेले ते त्यांना कळवा. पुण्यातील लेखकाला ते ठाऊक नाही, तेथे तुम्ही जाणकार आहात. आमच्या गावाची गोष्ट तुमच्या पुस्तकात का नाही, असेही विचारा. कदाचित लेखक उत्तर देईल, की ती मला सांगता येत नाही, ज्याला ती सांगता येईल त्याचा पत्ता मी शोधतो आहे. तसे उत्तर आले तर नीट विचार करा. तो पत्ता कदाचित तुमचाच असेल.